कव्हर म्हणजे नक्कल नाही

नुसत्या गिटारवर जुनी गाणी गाऊन ऑनलाइन नाव कमावणाऱ्या आपल्या नागपूरच्या पोराबद्दलचा लेख आवडला. पण त्यातलं ‘दुसऱ्यांच्या गाण्यांवर मिळालेली प्रसिद्धी’ हे वाक्य खटकलं. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात गाणं, नक्कल नव्हे. व्हायोलिनचा ताफा, तबला, कोरस काढून टाका आणि तेच गाणं गाऊन बघा. सूर उघडा पडतो, लपायला जागाच उरत नाही. हा पोरगा अंतऱ्यात वर चढताना कॉर्ड वाजवणं थांबवतो, अंगठ्यानं फक्त खर्जाची तार धरून ठेवतो आणि शब्द मोकळे सोडतो. त्याला गाणं कळलंय, बाप्पा!

एक गोष्ट मात्र त्याला कुणीतरी नीट सांगा. 2012च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात 31सी हे कलम आलं. त्याखाली कव्हर करायचं तर मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, आधी नोटीस आणि रॉयल्टीही द्यावी लागते. यूट्यूबवर तर कंटेंट आयडीनं, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेनं गाणं ओळखलं, की जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जाऊ शकतात. म्हणजे लाखभर लोकांनी ऐकलं तरी पोराच्या हाती काही लागेलच असं नाही. गीतकार-संगीतकारांची नावं तर प्रत्येक व्हिडिओखाली हवीतच.

आणि आता स्वतःची चाल टाक रे भाऊ. सुरेश भट, ग्रेस याच शहरात राहून लिहीत होते. इथल्या नव्या कवींना गाठ, आम्ही ऐकायला बसलोच आहोत.