बॅटरी कपॅसिटर खात नाही, रेग्युलेटर खातो

नमस्कार भाऊ,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की आमच्या १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या बोर्डवरचा कपॅसिटर डुप्लिकेट आहे आणि त्यामुळेच काटोलच्या संत्राबागेतल्या सेन्सरची बॅटरी आठ दिवसांत बसते. हिशेबही दिलात: ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) ०.१ ओहम, बोर्ड २ अँपिअरचा, म्हणजे २ × २ × ०.१ = ०.४ वॅट वाया. बर्डीत दुकान चालवणाऱ्याला डुप्लिकेट हा शब्द फार लागतो, म्हणून सविस्तर लिहितो.

०.४ वॅट खरंच जात असते, तर १२ व्होल्टवर ते ३३ मिलीअँपिअर झाले. तुमची १.३ अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसही टिकली नसती.

ईएसआर तुम्ही बरोबर मोजला. पण गुणायचा करंट लोडचा नाही, रिपलचा, म्हणजे स्विचिंगमुळे वरखाली होणारा तेवढाच. तुमच्या बोर्डवर एलएम२५९६ हा रेग्युलेटर आहे, १५० किलोहर्ट्झचा, सोबत ६८ मायक्रोहेन्रीची कॉइल. १२ चे ५ व्होल्ट करताना कॉइलचा रिपल साधारण ०.२९ अँपिअर पीक-टू-पीक. लहर त्रिकोणी, म्हणून त्याला ३.४६ ने भागलं की आरएमएस (उष्णतेच्या हिशेबाला धरायचा करंट) ०.०८३. वर्ग करून ०.१ ने गुणा: जेमतेम ०.७ मिलीवॅट. सेन्सर झोपलेला असताना कॉइलचा करंट प्रत्येक सायकलमध्ये शून्यावर येतो, तेव्हा त्याहूनही कमी.

लीकेजही, म्हणजे कपॅसिटरमधून सतत झिरपणारा करंट, धरू. इनपुटच्या ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या कपॅसिटरला नेहमीच्या ०.०१ × सी × व्ही (कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज) या मर्यादेने ११८ मायक्रोअँपिअर, म्हणजे १.४ मिलीवॅट. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात डबा तापला की लीकेज वाढतं. तिप्पट धरलं तरी चार-साडेचार मिलीवॅट.

आणि रेग्युलेटर स्वतः? लोड असो-नसो, साधारण ५ मिलीअँपिअर. म्हणजे ६० मिलीवॅट, दिवसाला १२० मिलीअँपिअर-अवर. बॅटरी तिथे जाते. सेन्सरची वायर काढा, बॅटरीच्या सिरीजमध्ये मीटर लावा, घरीच दिसेल.

बोर्ड तुम्ही राउटरसाठी म्हणून नेला होता, बिलावर तसंच आहे. राउटरला तो उत्तम चालतो. चोवीस तास झोपणाऱ्या सेन्सरला मायक्रोअँपिअरमध्ये स्वतःचा खर्च भागवणारा, हलक्या लोडला पल्स गाळणारा (स्विचिंगचे काही ठोके वगळणारा) रेग्युलेटर हवा.

एक कळकळीची विनंती: आउटपुटचा कपॅसिटर काढून सिरॅमिक लावणार म्हणालात, तेवढं करू नका. एलएम२५९६ ला थोडा ईएसआर लागतोच. फारच कमी झाला तर आउटपुट स्थिर ठेवणारा फीडबॅक डळमळतो.

बोर्ड आणि बॅटरी घेऊन या. तुमच्यासमोर मोजू आणि बोर्ड धड असेल तर सेन्सरला चालेल असा बदलून देऊ, फरक तेवढा घेऊ.