ग्लेंडा जॅक्सन यांचे राजकारण ही उतरत्या काळातली सोय नव्हती

नट-नट्यांच्या राजकारणाचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे येते आणि त्याला दाखला म्हणून ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन यांचे नाव जोडले जाते. कामे आटली म्हणून त्या १९९२ मध्ये खासदार झाल्या, प्रसिद्धीच्या बळावर निवडून येत राहिल्या, संसदेतही त्यांनी अभिनयच केला आणि तिथे काही हाती लागले नाही तेव्हा रंगभूमीवर परतल्या, असे ते विधान. ऐकायला ते पटण्यासारखे आहे, पण त्यांच्या कारकिर्दीच्या नोंदींशी ताडून पाहिले तर त्यातले एकही कलम टिकत नाही.

पहिले कलम कामे आटल्याचे. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर शेक्सपिअरच्या नाटकातल्या लेडी मॅक्बेथच्या भूमिकेसाठी त्यांना टोनी या अमेरिकी नाट्यपुरस्काराचे चौथे नामांकन मिळाले होते आणि त्यानंतरही ग्लासगोच्या सिटिझन्स थिएटरमध्ये त्या ब्रेख्त आणि ओनील या नाटककारांच्या नाटकांतल्या प्रमुख भूमिका करत होत्या. नाटकातली ही सर्वांत अवघड कामे पन्नाशी ओलांडल्यावर ज्या बाईंकडे चालून येत होती, तिला काम मिळेनासे झाले होते असे कोणत्या आधारावर म्हणायचे? त्यांनी कामे सोडली, हे खरे आहे. खासदारकीच्या २३ वर्षांत त्या अभिनयापासून दूरच राहिल्या आणि सोडलेल्या कामाची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या एका गवंड्याची ही मुलगी सोळाव्या वर्षी शाळा सोडून औषधांच्या दुकानात दोन वर्षे नोकरी करत होती आणि शिष्यवृत्ती मिळाली म्हणून लंडनच्या नाट्यविद्यालयात पोचली. पुढे दोन ऑस्कर मिळाले, तरी दोन्ही समारंभांना त्या गेल्या नाहीत. ऑस्करच्या त्या बाहुल्या त्यांच्या आईने पुसून पुसून त्यांचा मुलामा घालवला, असे त्या सांगत. झगमगाटाची भूक असलेल्या माणसाची ही लक्षणे नव्हेत.

प्रसिद्धीच्या बळावर निवडून येण्याची गोष्ट तर आकड्यांनीच निकालात निघते. १९९२ च्या निवडणुकीत त्यांचा लेबर पक्ष देशभरात हरला, तरी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाकडे असलेला लंडनचा हॅम्पस्टेड-हायगेट मतदारसंघ त्यांनी १,४४० मतांनी जिंकला. मतदारसंघाची फेररचना झाल्यानंतर २०१० मध्ये त्या निवडून आल्या त्या अवघ्या ४२ मतांनी. नाव तेच आणि ऑस्करही तेच असताना मताधिक्य इतके वरखाली होत असेल, तर लोक नटीला नव्हे, पक्षाला आणि उमेदवाराला मत देत होते, एवढेच त्यातून निघते. लंडनच्या महापौरपदासाठी उमेदवारी मिळावी म्हणून त्यांनी १९९९ मध्ये मंत्रिपद सोडले, तेव्हाही पक्षाने त्यांच्याऐवजी फ्रँक डॉब्सन यांना निवडले. तिथेही प्रसिद्धी कामी आली नाही.

संसदेत अभिनय केला, हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. त्याला पुरावा म्हणून १० एप्रिल २०१३ चे भाषण दाखवले जाते. हुजूर पक्षाच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या निधनानंतर दोनच दिवसांनी श्रद्धांजलीसाठी भरलेल्या त्या सभेत हुजूर पक्षाचे सदस्य ओरडत असताना जॅक्सन बोलत राहिल्या. आवाजाची फेक कसलेल्या नटीची होती, हे मान्य. पण त्या आवाजात त्या काय सांगत होत्या ते कोणी ऐकावे की नाही? शाळेच्या वर्गातल्या भिंतींचा गिलावा मुलांच्या चित्रांनी आणि मैलोगणती चिकटपट्टीने धरून ठेवला होता, शाळांच्या ग्रंथालयांतले कप्पे रिकामे होते, उरलेली पुस्तके चिकटपट्टीने आणि शिक्षकांच्या घरच्या भिंतकागदाच्या तुकड्यांनी सांधलेली होती, रुग्ण दवाखान्यांच्या व्हरांड्यांत ढकलगाड्यांवर पडून होते आणि दुकानांच्या दारांत रोज रात्री बेघरांचे बिऱ्हाड मांडले जात होते. ही यादी कोणा नाटककाराने लिहून दिलेली नव्हती; आपल्या मतदारसंघाचे आणि तिथल्या लोकांचे थॅचर यांच्या राजवटीत झालेले नुकसान त्या सांगत होत्या. सभेत आक्षेप घेतला गेला, तेव्हा सभापतींनी त्या भाषणात संसदीय शिस्तीला बाधेल असे काही घडले नसल्याचे स्पष्ट केले. मतभेद त्या मताशी जरूर असावा, आणि मृत्यूनंतर दोन दिवसांत असे बोलावे का, हाही रास्त प्रश्न आहे. पण खोटेपणाचा आरोप वेगळा, आणि तो इथे लागू होत नाही. शिवाय २००३ मध्ये इराक युद्धाच्या प्रश्नावर स्वतःच्या पक्षाच्या सरकारविरुद्ध मत देऊन त्यांनी टाळ्या नव्हे, पक्षनेतृत्वाची नाराजी ओढवून घेतली होती.

त्यांच्या वाट्याला मोठे मंत्रिपद आले नाही, हे खरे. १९९७ ते १९९९ या काळात लंडनच्या वाहतुकीची कनिष्ठ मंत्री म्हणून जबाबदारी त्यांच्याकडे होती, तेवढीच. पण मोठे पद न मिळणे म्हणजे हात हलवत परत येणे नव्हे. २०१५ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, निवडणूक हरून नव्हे तर ती न लढवून त्यांनी संसद सोडली.

आणि परतल्या त्या कशा? २०१६ मध्ये ऐंशीव्या वर्षी त्यांनी लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात शेक्सपिअरचा राजा लिअर उभा केला आणि २०१८ मध्ये ब्रॉडवेवर दुसऱ्या नाटकासाठी टोनी मिळवला. बाईने लिअर का करावा, या प्रश्नावर त्यांचे उत्तर खासदारकीतून आले होते. वृद्धाश्रमांना भेटी देताना त्यांनी पाहिले होते की वय वाढत जाते तशा बाई आणि पुरुष यांना वेगळे करणाऱ्या रेषा पुसट होत जातात. त्या भेटी त्यांनी मतदारांसाठी दिल्या होत्या, भूमिकेच्या तयारीसाठी नव्हे.