थकबाकीचा मेल, रोज सकाळी नऊ ते दहा

सोसायटीच्या सभेत कोणीतरी म्हणतंच, "अहो, मेंटेनन्सची गूगल शीट आहे ना? मग तिच्यातूनच थकबाकीदारांना मेल जाऊ द्या की!" म्हणणारा चहा पिऊन घरी जातो. माझी सहानुभूती मागे उरलेल्या लॅपटॉपवाल्याला.

'एक्स्टेंशन्स' मेनूत 'अ‍ॅप्स स्क्रिप्ट' उघडायचं; शीटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, तिथे लिहिता येते. थकबाकी शून्याच्या वर असलेल्या प्रत्येक ओळीचा पत्ता, विषय आणि मजकूर 'मेलअ‍ॅप'च्या, म्हणजे मेल पाठवणाऱ्या तयार सोयीच्या, हवाली करायचा. पहिल्यांदा चालवताना गूगल बजावतं की हे अ‍ॅप पडताळलेलं नाही. म्हणजे आपणच लिहिलेल्या दहा ओळींपासून आपल्यालाच सावध करतं! 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर टिचकी मारून निमूट पुढे जावं.

आता ट्रिगर, म्हणजे स्क्रिप्ट आपोआप केव्हा चालायची ते. शीटमध्ये काही टाइप केलं की 'ऑनएडिट' नावाचं फंक्शन आपोआप चालतं, म्हणून मेलही त्यातच घालायचा मोह होतो. पण त्याला मेल पाठवायची परवानगीच नसते. ते गुपचूप आडवं होतं, आणि आपण स्पॅम फोल्डर उपसत बसतो. शिवाय सूत्राने बदललेल्या आकड्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. त्यापेक्षा डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हावरून रोजचा वेळेचा ट्रिगर लावावा. 'नऊ ते दहा' निवडलं की त्या तासात कधीतरी चालतो. सभेपेक्षा तरी वेळ पाळतो. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइम झोन मात्र तपासा. तिथे न्यूयॉर्क असेल, तर सकाळचा तगादा आपल्याकडे ऐन संध्याकाळी पोचतो.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. काल मेल गेला होता हे स्क्रिप्टच्या गावीही नसतं. त्यामुळे पैसे भरेपर्यंत रोज मेल, आणि भरल्यावरही खजिनदार नोंद करीपर्यंत रोज मेल. म्हणून 'मेल गेला' असा एक रकाना हवाच. मेल गेला की लगेच त्यात तारीख लिहायची आणि 'फ्लश' करायचं, म्हणजे ती तेव्हाच शीटमध्ये उतरते. शेवटी सगळ्या तारखा एकदम लिहू म्हणाल, तर चाळिसाव्या ओळीवर स्क्रिप्ट अडकेल आणि उद्या पहिल्या एकोणचाळीस जणांना पुन्हा मेल जाईल. अडकायला कारण लागतंच किती? ईमेलच्या रकान्यात कोणीतरी 'मुलाला फोन करावा' असं लिहिलेलं असतं. तेवढ्यावर एरर येते, आणि पुढचे सगळे थकबाकीदार सुटतात. प्रत्येक ओळीला वेगळा 'ट्राय-कॅच' द्या, म्हणजे एका ओळीची चूक तिथेच अडते आणि बाकीचे मेल जातात.

आकडा 'गेटव्हॅल्यूज'ने, म्हणजे शीटमधल्या कच्च्या रूपात, उचलला तर मेलमध्ये 3541.6666666666665 रुपये मागितले जातात. यावर माणूस पैसे भरत नाही, दशांशचिन्हावर उत्तर पाठवतो. 'गेटडिस्प्लेव्हॅल्यूज' वापरा; शीटमध्ये दिसतं तेच जातं.

फुकटच्या खात्यातून दिवसाला फक्त 100 जणांना मेल जातो, आणि सीसीतला माणूसही त्यात मोजला जातो. "प्रत्येक मेलची सीसी मला हवी," असा सेक्रेटरींचा हट्ट असला की पन्नास थकबाकीदारांतच कोटा खलास. त्यांना आठवड्याला एक यादी द्या. तीही ते वाचणार नाहीत.

आणि हो, ट्रिगर ज्याने लावला, त्याच्याच खात्यातून मेल जातात. कमिटी बदलली, शीट नव्या मंडळींच्या हाती गेली, तरी जुन्याचा ट्रिगर त्यांना काढता येत नाही. तो त्यालाच काढावा लागतो. तोवर माजी सेक्रेटरी स्वतःच थकबाकीत असतील, तर त्यांना त्यांच्याच पत्त्यावरून मेल येतो: 'रक्कम त्वरित भरावी, ही विनंती. आपला नम्र, सेक्रेटरी.'