कन्सेप्ट अल्बम काढायचाय? मग आधी गायी आणा

तर तुमचा बँड बरा चाललाय. दोन-तीन अल्बम गाजलेत, शोला पब्लिक येतं, लोक सोबत गातात, आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे बँडमधले सगळे अजून एकमेकांशी बोलतायत. हे असंच चालू राहिलं तर लोक म्हणायला लागतील की ही मंडळी चांगली गाणी करतात, आणि एकदा हा शिक्का बसला की संपलंच, मग तुम्हाला विचारवंत म्हणून कोण विचारणार? त्यामुळे वेळीच सावध व्हा, साउंड बदला, कन्सेप्ट अल्बम काढा, म्हणजे सगळी गाणी एकाच कल्पनेभोवती फिरवा, आणि काढताय तर मेला डबलच काढा, दोन तबकड्यांचा.

घाबरायचं कारण नाही, वाट मळलेली आहे. इंग्लंडच्या येस या बँडने १९७३ साली टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स हा अल्बम काढून ती इतकी व्यवस्थित मळून ठेवलीय की तुम्ही फक्त त्यांच्या मागे मागे जायचं. १९७२ मध्ये त्यांचा क्लोज टू द एज आला होता, एकच गाणं तबकडीची अख्खी एक बाजू व्यापून बसलेलं, जवळपास १९ मिनिटं, आणि तरी लोकांनी डोक्यावर घेतलं, इंग्लंडात आणि अमेरिकेत दोन्हीकडे. आता सामान्य माणूस इथे म्हणेल की जमलंय, थांबा. ड्रमर बिल ब्रुफर्ड तसं म्हणून थांबलाच, रेकॉर्डिंग आटोपलं आणि गडी किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला. तुम्ही मात्र एका बाजूचं गाणं चाललं म्हणजे चार बाजूंची चार चालतील असा सरळ गुणाकार करायचा. कलेत गणित चालत नाही म्हणणारे लोक जळकुटे असतात.

आता कन्सेप्ट. तो कुठून आणायचा? स्वतःच्या आयुष्यातून वगैरे अजिबात नको, त्यात काय ठेवलंय, दौरे, हॉटेलं आणि मॅनेजरशी पैशावरून भांडणं. पूर्वेकडून आणा. १९७३ च्या मार्चमध्ये याच ब्रुफर्डच्या लग्नात येसचा गायक जॉन अँडरसन याला जेमी म्यूर भेटला, किंग क्रिमसनचा पर्कशनवाला, आणि त्याने परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाच म्हणून सांगितलं, आपल्याकडे योगी कथामृत नावाने मिळतं तेच. त्या पुस्तकाच्या ८३ व्या पानावर एक तळटीप आहे, जरा लांबलचक, शास्त्रांचे चार प्रकार सांगणारी, श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र. टोकियोत दौऱ्यावर असताना ही तळटीप अँडरसनच्या नजरेला पडली आणि झालं, चार प्रकार, चार बाजू, हिशोब बसला. लक्षात घ्या, पुस्तकावर अल्बम नाही हो, तळटिपेवर. माउलींनी ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्या केल्या, पण त्यांनी आधी मूळ गीता वाचली होती, ही जुन्या वळणाची मेहनत झाली, एवढा वेळ कुणाकडे आहे. (आणि ज्याने पुस्तक सुचवलं तो म्यूर? तो त्याच सुमाराला बँडबिंड सगळं सोडून स्कॉटलंडातल्या बौद्ध मठात जाऊन राहिला. काही लोकांना पुस्तक वाचून शांत बसणंही जमतं, पण त्याने अल्बम होत नाही.)

मग लिहायला बसा. सगळ्यांना घेऊन बसू नका, पाच डोकी म्हणजे पाच मतं. अँडरसन आणि गिटारवाला स्टीव्ह हाऊ हे दोघे दौऱ्यावर हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून बसायचे, आणि अमेरिकेत सॅव्हाना नावाच्या गावी एका रात्री बसले ते सकाळी सातलाच उठले, तेव्हा चारही गाण्यांचा सांगाडा तयार होता. बाकीच्या तिघांना नंतर कळवलं. हीच पद्धत ठेवा. ज्यांना वाजवायचंय त्यांना काय वाजवायचंय हे उशिरा कळलं की चर्चेचा फापटपसारा होत नाही, आणि नवीन ड्रमर असेल, तिथे ॲलन व्हाइट होता तसा, तर तो बिचारा तसाही काही बोलत नाही.

लांबीचा प्रश्न येईल. येणारच. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं बसायची, त्याहून जास्त भरलं की खाचा जवळ जवळ येतात, आवाज बारीक पडतो. येसकडे माल होता तो एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी. कीबोर्डवाला रिक वेकमन पुढे आयुष्यभर हेच सांगत राहिला, की एकाला जास्त आणि दोनाला कमी म्हणून आम्ही भर घातली. पण पाहुणे वाढले की आपण काय करतो, आमटीत पाणी घालतो ना, कुणी उपाशी जातं का? तसंच. तुमच्याकडे तर आता तबकडीचंही बंधन नाही, स्ट्रीमिंगवर तासन् तास भरता येतं, येसला १९७३ मध्ये हे मिळालं असतं तर काय झालं असतं या विचाराने अंगावर काटा येतो. शेवटी ८० मिनिटांच्या वर गेलं प्रकरण, गाणी मोजून चार, आणि नावं अशी की एक नाव वाचून होईस्तोवर दुसऱ्या बँडचं गाणं संपतं, प्रत्येकाला कंसात उपनाव. अल्बमचं नाव टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स. याचा अर्थ काय असं विचारणाऱ्याला फक्त हसून बघायचं.

आता स्टुडिओ, आणि इथे खर्चाकडे अजिबात बघू नका. अँडरसनचं म्हणणं होतं की हे संगीत निसर्गात, झाडाझुडपांत रेकॉर्ड व्हावं, काहींना लंडन सोडवत नव्हतं, तेव्हा तोडगा असा निघाला की लंडनच्याच मॉर्गन स्टुडिओत शेत उभं करायचं. केलं. गवताच्या पेंढ्या आणल्या, पांढरं लाकडी कुंपण घातलं, पुठ्ठ्याच्या गायी उभ्या केल्या, कीबोर्ड पेंढ्यांवर चढवले. शिवाय अँडरसनला आपला आवाज बाथरूममध्ये जसा लागतो तसा हवा होता (तो कुणाला नको असतो), म्हणून त्याच्यासाठी प्लायवूडची खोकेवजा खोली करून तिला आतून टाइल्स लावल्या. अहो, नुसत्या टाइल्स चिकटवून बाथरूम होत नाही असं साउंड इंजिनिअर एडी ऑफर्ड समजावून सांगत होता. पण तंत्रज्ञांचं ऐकून कधी क्रांती झालीय का? टाइल्स लागल्या, आणि नायजेल लूबी या दुसऱ्या साउंड इंजिनिअरच्या सांगण्याप्रमाणे मध्येच टेक चालू असताना गळूनही पडायच्या. हा तपशील मला फार आवडतो. विश्वाचं रहस्य गायलं जातंय, समोर पुठ्ठ्याची गाय, आणि मागे टप्प करून टाइल.

कीबोर्डवाल्याची काळजी घ्या मात्र. प्रत्येक बँडमध्ये एक जण असतो ज्याला सगळं कळत असतं पण पटत नसतं. वेकमनला गाण्यात काय चाललंय तेच पटेना, मग तो रिकाम्या वेळात जाऊन डार्ट खेळायचा, बिअर प्यायचा. शेजारच्या स्टुडिओत ब्लॅक सॅबाथ रेकॉर्डिंग करत होते, त्यांच्याकडे जाऊन बसायचा, त्यांच्या एका गाण्यात कीबोर्डही वाजवून आला आणि मोबदल्यात बिअर घेतली. तर असा माणूस तुमच्याकडे असेल तर त्याला अजिबात विचारू नका की बाबा रे तुला काय वाटतं, कारण तो सांगेल.

आणि मिक्सिंग संपल्यावर नियती तुम्हाला एक शेवटची संधी देते, तीही ओळखा. ऑफर्डने तयार झालेल्या टेप्स गाडीच्या टपावर ठेवल्या, किल्ली शोधली, गाडीत बसला आणि टेप्स विसरून निघाला. टेप्स रस्त्यावर. समोरून बस. आणि अँडरसनने आडवं जाऊन ती बस थांबवली! समीक्षक त्या बसमध्ये नव्हते म्हणून, नाहीतर चालव रे चालव म्हणाले असते.

मध्येच एक सांगतो, कारण कुणीतरी म्हणेलच की कन्सेप्ट अल्बमची थट्टा करणं सोपं आहे. सोपं नाहीये, थट्टासुद्धा हिट होते, हा खरा लोचा आहे. जेथ्रो टल या बँडच्या इयन अँडरसनला (हा वेगळा अँडरसन, बासरीवाला) लोक सारखं म्हणायला लागले की तुमचा अल्बम कन्सेप्ट अल्बम आहे, तो वैतागला, आणि १९७२ मध्ये त्याने मुद्दाम कन्सेप्ट अल्बमचं विडंबन काढलं, थिक ॲज अ ब्रिक, एकच गाणं दोन्ही बाजू भरून, कव्हर म्हणजे बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र, आणि शब्द म्हणे एका आठ वर्षांच्या मुलाच्या कवितेचे. हे अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. बरं, मग दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर फ्लेमिंग लिप्स बघा, त्यांनी १९९७ मध्ये झायरीका काढला, चार सीडी, आणि चारही एकाच वेळी चार प्लेअरवर लावायच्या, म्हणजे गाणं ऐकायचं तर आधी तीन मित्र हवेत. पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या वेबसाइटने १० पैकी ०.० दिले. पण दोन वर्षांनी त्याच बँडने त्याच प्रयोगांतून शिकून द सॉफ्ट बुलेटिन काढला आणि सगळे पाया पडायला आले, तेव्हा शून्य मिळालं म्हणून रडू नका, ते शून्य पुढे मुलाखतींत कामाला येतं.

दौरा. अल्बम बाजारात यायच्या आधीच दौऱ्यावर निघा. १९७३ च्या नोव्हेंबरात येसने तेच केलं, आधी क्लोज टू द एज अख्खा, त्यानंतर टेल्स अख्खा, म्हणजे पब्लिकने तिकीट काढून कधीही न ऐकलेली ऐंशी मिनिटं बसून ऐकायची. स्टेजवर फायबरग्लासचे चित्रविचित्र आकार, कव्हर काढणारा रॉजर डीन आणि त्याचा भाऊ यांनी केलेले. आणि मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला तो प्रसंग तर तुम्हाला ठाऊक असेलच. वेकमन स्वतः रंगवून सांगतो तो असा: त्याला मधल्या लांबच लांब भागांत करायला फारसं काही नव्हतं, ऑर्गनखाली त्याचा टेक्निशियन आडवा पडलेला असायचा, त्याने विचारलं शो झाल्यावर काय खाणार, हा म्हणाला चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडी, बॉम्बे आलू आणि स्टफ्ड पराठा. टेक्निशियनला वाटलं आत्ताच हवंय. थोड्या वेळाने पार्सल हजर. मग काय, कीबोर्डवर मांडून वेकमनने खाल्लं. इकडे श्रुती-स्मृती-पुराण चालू, तिकडे गोव्याहून फिरत फिरत मँचेस्टरला पोचलेलं विंदालू, जोडीला मुंबईत कुणाच्या बापाने न खाल्लेला बॉम्बे बटाटा. अँडरसन येऊन बघून गेला, म्हणे एक पापडही उचलला. भारतीय तत्त्वज्ञानाशी त्या रात्री सगळ्यात प्रामाणिक कोण होतं हे तुम्हीच ठरवा.

विक्रीची चिंता करू नका, चाहते आधीच पैसे भरतात. इंग्लंडात नुसत्या आगाऊ ऑर्डरींवर गोल्ड झाला हा अल्बम, म्हणजे विक्रीचा ठरलेला टप्पा गाठला, आणि पहिल्या नंबरावर गेला. समीक्षकांनी धुतला, पुढे छोटी, रांगडी गाणी करणाऱ्या पंकवाल्यांच्या हाती शिव्या घालायला आयतं उदाहरण मिळालं, वेकमन १९७४ मध्ये बँड सोडून गेला आणि त्याच सुमाराला त्याचा स्वतःचा अल्बम पहिल्या नंबरावर. कशावर होता? पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासावर, ऑर्केस्ट्रा आणि कॉयर घेऊन. म्हणजे त्याचं भांडण भपक्याशी नव्हतंच कधी, दुसऱ्याच्या भपक्याशी होतं. १९७६ च्या अखेरीस परत आलाही.

आता तुम्ही विचाराल, एवढं बोलतोस, ऐकलायस का कधी? ऐकतो ना, हाच तर त्रास आहे. पहिली बाजू उत्तम आहे. तिसरीत हाऊची शेवटची अकूस्टिक गिटार येते तिथे मी हातातलं काम थांबवतो. चौथीत ख्रिस स्क्वायरचा बास आणि मग सगळ्यांनी मिळून केलेला तो ढोलताशाचा दणका, आणि त्यानंतरचं ते हळुवार संपणं, असं आजही कुणी करत नाही. दुसरी बाजू चालू असताना चहा टाकावा, गॅस पुसावा, आलेले मेसेज बघावेत, परत यावं, काही चुकलेलं नसतं. आणि चाळीस मिनिटांचा एकच अल्बम काढला असता तर हा त्यांचा सगळ्यात भारी ठरला असता असं मला वाटतं, पण मग त्याच्यावर लेख कुणी लिहिला असता.

तेव्हा लागा कामाला, धीर धरा, वेळ लागतो. २०१६ मध्ये येसने टेल्स परत स्टेजवर आणला. तोवर स्क्वायर गेलेला, अँडरसन आणि वेकमन बाहेर पडून त्याच वर्षी स्वतःचा वेगळा गट करून येसचीच गाणी वाजवत फिरायला लागलेले, व्हाइटची पाठ धरलेली, म्हणजे टेल्स करणाऱ्या पाचांत पूर्णवेळ उभा एकटा हाऊ. वाजवलं काय? पहिली बाजू, चौथी बाजू, आणि पुढे तिसरीतला तो गिटारचा तुकडा. बेरीज करा, साधारण एका तबकडीएवढं होतं.