ओढायचं कसं ते पण लिहा की

"पावडर फुफ्फुसात बसून हळूहळू औषध सोडते, त्यामुळे दिवसातून एकदा ओढलं की झालं" असं दम्याच्या पावडर इनहेलरवरच्या (तोंडाने औषधाची पावडर ओढायचं मशीन) लेखात म्हटलंय, पण ती आत पोचली तर बसणार ना? कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असला तरच खोल जातो, मोठा घशातच चिकटतो, आणि या मशीनला गॅस नसतो, पावडर आपल्याच श्वासाच्या जोरावर उडते. आमच्या अण्णांची सगळी हयात सांगलीत हळदीच्या पेठेत गेली, दम्याला कॅप्सूल घालून ओढायचं मशीन मिळालं पण दोन महिने काडीचा फरक नाही. एक दिवस समोर बसून बघितलं तर आधी मशीनमध्येच फुंकर मारत होते, आणि कॅप्सूल पाकिटातून काढून स्टीलच्या डबीत भरलेल्या, त्यात पावसाळा. एक उघडली तर आत पावडरच्या गुठळ्या! दुकानात कुणी दाखवलंच नव्हतं. आता श्वास बाहेर सोडून मग एका दमात जोरात ओढतात, दहा सेकंद धरतात, चूळ भरतात, आणि रात्री उठून बसावं लागत नाही.

दुसरं म्हणजे टायोट्रोपियमसारखं श्वासनलिका मोकळी ठेवणारं औषध दिवसभर पुरतं ते पावडर हळू विरघळते म्हणून नाही, तो रेणूच श्वासनलिकेतल्या रिसेप्टरला (पेशीवरची औषध चिकटायची जागा) घट्ट धरून बसतो. हळू सुटणाऱ्या कणांची खरी अडचण वेगळीच, फुफ्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून टाकतात, म्हणून तर 1997 मध्ये त्यांना गिळता येऊ नयेत असे आकाराने मोठे, पण खोल जावेत म्हणून सच्छिद्र, हलके कण करून बघितले. हे लेखात यायलाच पाहिजे होतं.