पूर नेमका कधी येतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इजिप्तची नाईल आणि इराकच्या तैग्रिस-युफ्रेटिस या नद्यांच्या काठच्या प्राचीन शेतीवर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. शेती नदीकाठी जन्मली हे विधान चूक आहे. सगळं श्रेय नदीला देऊन मी माणसाला बाहुलं करून टाकलं आहे. आणि नदीमुळेच संस्कृती घडत असेल, तर गोदावरी-भीमेच्या काठी इराकच्या ऊरसारखं किंवा इजिप्तच्या मेंफिससारखं प्राचीन शहर का उभं राहिलं नाही?

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. गहू, जव, मसूर माणसाच्या हाताखाली आले ते भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत आणि तोरोस-झाग्रोस या तुर्कस्तान-इराणकडच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी, बहुतांशी पावसाच्या भरवशावर. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट ब्रेडवूड १९४८ पासून उत्तर इराकमधल्या जार्मोला उत्खनन करत होते ते शेती कुठे सुरू झाली याच प्रश्नासाठी. दक्षिण इराकच्या सपाटीवर शेतकरी पोचले ते फार नंतर, बियाणं आणि जनावरं सोबत घेऊन. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण लेखात जे नीट सांगता आलं नाही ते इथेच आहे. नुसती नदी असून भागत नाही. पूर कोणत्या महिन्यात येतो आणि त्या वेळी शेतात काय उभं असतं, हे पाहावं लागतं.

इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस पडतो तो आपल्या पावसाळ्याच्याच महिन्यांत. ते पाणी निळी नाईल आणि अटबारा या नद्यांतून उत्तरेला उतरतं. अस्वानला जूनच्या सुमारास पाणी चढू लागायचं, सप्टेंबरात पूर भरात असायचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओसरायचा. मागे राहायची गाळ बसलेली, खोलवर भिजलेली जमीन, ऐन रब्बीच्या पेरणीला वाफशावर आलेली. आपल्याकडे धरणाचं पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत पीक घेतात, तिला गाळपेर म्हणतात. प्राचीन इजिप्तची शेती मला नेहमी अशीच दिसते, नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेली एक लांबच लांब गाळपेर. बी फेकायचं आणि वरून मेंढरं फिरवून ते तुडवून घ्यायचं. थडग्यांच्या भिंतींवर हे चितारलेलं आहे. पीक जवाचं आणि खपली गव्हाचं, हो, तीच आपल्या खिरीची खपली. मार्च-एप्रिलात सुगी, आणि पुढचा पूर यायला अजून अवधी. शिवाय दरवर्षीचं पाणी जमिनीतले क्षार धुऊन नेत असे. हे काम १९७० मध्ये अस्वानचं मोठं धरण पुरं होईपर्यंत नाईल करत होती.

आता इराककडे पाहा. तैग्रिस-युफ्रेटिसला पाणी येतं ते तुर्कस्तान आणि झाग्रोसच्या डोंगरांतला बर्फ वितळून, एप्रिल-मे महिन्यांत. म्हणजे जव पिवळा पडलाय, विळे काढलेत आणि त्याच वेळी नदी फुगते. उलट शरद ऋतूत पेरणीला पाणी हवं, तेव्हा ती तळाला गेलेली असते. एकाच शेतकऱ्याने एकदा पाणी बाहेर ठेवायला बांध घालायचे आणि एकदा ते आत आणायला पाट खणायचे. पाट गाळाने भरतात, ते दरवर्षी उपसायचे. साचलेल्या गाळाने नदी आजूबाजूच्या रानापेक्षा उंच होते आणि बांध फुटला की पात्रच बदलते. शिवाय निचरा नसल्याने मीठ वर येतं. शिरोळ-सांगलीकडची क्षारपड जमीन पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गव्हाला मीठ सोसत नाही, जवाला बऱ्यापैकी सोसतं. दक्षिण मेसोपोटेमियात, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकमध्ये, गहू मागे पडून जव वाढला तो यामुळे, असं याकोबसेन आणि अॅडम्स या अभ्यासकांनी १९५८ मध्ये मांडलं. त्यांच्या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली, म्हणून ते आकडे मी वापरले नाहीत.

आता तुमच्या 'बाहुल्या'कडे येतो. नदीच राज्य ठरवते असं मी मानत असतो, तर मलाच अडचण आली असती. पाण्याची अवघड व्यवस्था सुमेरमध्ये, म्हणजे याच दक्षिण इराकमध्ये होती, तर एकछत्री राजा तिथे आधी यायला हवा होता. झालं उलटंच. सुमेरमध्ये शहरं शतकानुशतकं एकमेकांशी भांडत राहिली. उम्मा आणि लगाश या शहरांचा सीमेवरच्या जमिनीचा आणि पाटाचा तंटा पिढ्यान् पिढ्या चालला, आणि लगाशचा राजा एनमेतेना याने त्याची हकिगत कोरून ठेवली आहे. इजिप्त मात्र इसवी सनपूर्व ३१००च्या आसपास एका राजाखाली आला, आणि तरीही तिथलं पाणी-वाटप गावपातळीवरच चालत होतं, असं अभ्यासक कार्ल बुत्झर यांनी १९७६ मध्ये दाखवलं. म्हणून मी इतकंच म्हणतो: कोणत्या महिन्यात किती हात लागतील, हे नदीने ठरवलं. ते हात कोणाच्या हुकमाने राबतील, हे माणसांनी.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. आपल्या नद्यांचा पूर तर नाईलसारखाच, पेरणीआधी येऊन जाणारा. पण दख्खनच्या नद्या खोल पात्रातून वाहतात. पूर दूरवर पसरत नाही, मळईचा, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीचा, पट्टा अरुंद, आणि नंतर पाणी दरडीवर चढवायचं तर मोट लागते. दुसरीकडे काळी जमीन पावसाची ओल स्वतःच धरून ठेवते, त्यामुळे रब्बीसाठी नदीला बिलगून राहण्याची गरज कमी. तरीही लोक काठावर आले. प्रवरेकाठी जोर्वे आणि दायमाबाद, घोड नदीकाठी इनामगाव, या त्यांच्या प्राचीन वस्त्या. डेक्कन कॉलेजने इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, आणि तिथे पुराचं पाणी वळवण्यासाठी खणलेला पाट सापडला, तीन हजार वर्षांपूर्वीचा. पुढे चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि इसवी सनपूर्व ७००च्या सुमारास गाव ओसाड पडलं. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. मला ते पटतं, कारण ज्या नदीचं सारं पाणी चार महिन्यांच्या पावसाचं, ती पाऊस हटल्यावर हात देऊ शकत नाही. नाईलचं पाणी दूरच्या डोंगरांतून यायचं.

तुमचं गाव प्रवरेकाठचं आहे असं तुम्ही लिहिलंत. तुमच्याकडे धरणाआधी मळईत काय पेरायचे, आणि पूर ओसरल्यावर किती दिवसांनी, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून कळवाल का? इनामगाववर लिहायला घेतलं आहे, त्यात मला ते हवं आहे.