स्टोनहेंजसोबत एव्हबरीही बघाच

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाच्या सहलीवरचा हा लेख छान आहे, पण त्यात नुसतं स्टोनहेंज बघून परत या असं सुचवलंय ते काही पटलं नाही, कारण तिथे एरवी दोरीच्या बाहेरूनच बघावं लागतं आणि तिथून गाडीने तासाभराच्या आत एव्हबरी आहे, जगातलं सगळ्यात मोठं दगडी वर्तुळ, इतकं मोठं की अर्धं गाव त्याच्या आत वसलंय, मेंढ्या चरत असतात आणि आपण दगडांना खुशाल हात लावू शकतो! यातले कितीतरी दगड गाडलेले होते, ते पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर केलर यांनी १९३० च्या दशकात खणून पुन्हा उभे केले, त्या माणसाचे खरंच उपकार आहेत.

आणि एव्हबरीजवळचीच वेस्ट केनेटची लांबट दफनटेकडी तर अजिबात चुकवू नका. इ.स.पू. ३६५० च्या आसपासची, जवळजवळ १०० मीटर लांब, आत पाच दगडी खोल्या, निदान ३६ जणांचे अवशेष सापडलेत, त्यात लहान मुलंही आहेत. तिकीट नाही, टॉर्च मात्र घ्या आणि आत मेणबत्त्या प्लीज लावू नका, दगड काळे पडतात. समोर सिल्बरी हिल ही माणसांनी रचलेली प्राचीन टेकडी दिसते, ती खालूनच बघायची, वर चढायला बंदी आहे.